एन-३च्या पुढची जपानी: विद्यापीठात शिकताना प्रगत पातळी कशी गाठावी

जपानीचा पहिला टप्पा पाठ्यपुस्तकाच्या बळावर निभावतो. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेतला एन-३ झाला (पातळ्या एन-५ ते एन-१, एन-१ सर्वांत अवघड), एन-२चं पुस्तकही अर्धं संपलं, तरी वर्तमानपत्रातला एक परिच्छेद समजायला अर्धा तास लागतो आणि जपानी माणसं आपापसांत बोलायला लागली की निम्मं निसटतं. अशा वेळी बहुतेक विद्यार्थी व्याकरणाचं आणखी एक पुस्तक आणतात. पण दुखणं व्याकरणाचं क्वचितच असतं. शब्दसाठा अपुरा असतो, वाचनाचा वेग कमी असतो, आणि प्रत्येक वाक्य आधी मनातल्या मनात मराठीत किंवा इंग्रजीत आणायची सवय सुटलेली नसते. पुढची सगळी आखणी या तीन गोष्टींभोवती करायची आहे.

(जपानी शब्द इथे देवनागरीत दिले आहेत. लांबवलेला स्वर जिथे महत्त्वाचा आहे तिथे ऽ हे चिन्ह आहे. तुमच्या वहीत मात्र जपानी शब्द देवनागरीत लिहू नका; का, ते उच्चाराच्या भागात येईल.)

अंतर किती आहे

२०१० पूर्वी जेएलपीटीच्या चारच पातळ्या होत्या आणि त्यांचे आकडे जाहीर असत: तिसरीला सुमारे ३०० कांजी (चिनीतून आलेली अक्षरं) व १,५०० शब्द, दुसरीला १,००० कांजी व ६,००० शब्द, पहिलीला २,००० कांजी व १०,००० शब्द. आजचा एन-३ हा त्या वेळच्या तिसऱ्या आणि दुसऱ्या पातळीच्या मध्ये नव्याने घातलेला आहे. हल्ली अधिकृत याद्या प्रसिद्ध होत नाहीत, पण अंदाज बांधायला हे आकडे पुरतात. एन-३ नुकता झालेल्याला एन-१पर्यंत आणखी सहा-सात हजार शब्द हवेत. रोज १२ नवे शब्द आणि वर्षातले ३०० दिवस धरले तर वर्षाला ३,६०० होतात. म्हणजे दोन वर्षं, चार सत्रं. सहा महिन्यांत एन-१ करून देणाऱ्या वेळापत्रकांकडे हा गुणाकार करूनच पाहावं.

सुरुवातीला स्वतःची चाचणी घ्या. कधी न वाचलेला, साधारण ६०० अक्षरांचा मजकूर निवडा; जपानी खिशातल्या आकाराच्या पुस्तकाचं एक पान जवळपास एवढंच असतं. शब्दकोश न उघडता वाचा, वेळ लावा, अनोळखी शब्दांखाली रेघ मारा. दहापेक्षा जास्त रेघा आल्या तर त्या प्रकारचा मजकूर सध्या सरावाला जड आहे. रेघा कमी, पण वेळ चार मिनिटांच्या वर गेला, तर शब्द नव्हे, वेग कमी पडतोय. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. दर सत्राच्या सुरुवातीला हीच चाचणी नव्या मजकुरावर करा.

एकच विषय धरून वाचा

मधल्या टप्प्यावर सर्वांत जास्त वेळ वाया जातो तो विषय बदलत राहण्यात. आज हवामान, उद्या फुटबॉल, परवा निवडणूक असं वाचलं की प्रत्येक मजकुरात तीस नवे शब्द भेटतात आणि पुन्हा महिनाभर दिसत नाहीत. एकच विषय सहा महिने धरला की तेच शब्द दर आठवड्याला समोर येतात, निम्मे तर पाठ न करताच बसतात. विषय तुमच्या पदवीच्या विषयाजवळचा असावा: अर्थशास्त्र, कायदा, संगणक, पर्यावरण, इतिहास, काहीही. आशय आधीच माहीत असल्यामुळे सगळं लक्ष भाषेकडे देता येतं.

चढण्याचा क्रम असा ठेवा. पहिले चार ते सहा आठवडे एनएचके या जपानी प्रसारण संस्थेच्या सोप्या जपानीतल्या बातम्या घ्या, आणि प्रत्येक बातमी वाचून झाल्यावर तिचीच मूळ, नेहमीच्या भाषेतली आवृत्ती वाचा. सोप्या बातमीवरच थांबणं हा इथला सापळा आहे. ती वाचायला सुखाची असते, पण बातमीच्या भाषेतली लांब विशेषणवाक्यं तिच्यातून मुद्दाम काढलेली असतात. त्यानंतर 'शिन्शो' हा प्रकार घ्या: एका विषयावरची, साधारण दोनशे पानांची, सामान्य वाचकासाठी तज्ज्ञांनी लिहिलेली छोटी पुस्तकं. त्यांतही किशोरांसाठीच्या मालिका आहेत. इवानामी ज्युनिअर शिन्शो १९७९ पासून निघते आणि चिकुमा प्रायमर शिन्शो २००५ पासून. दोन्हींची भाषा नेटकी आणि रचना सरळ असते, मात्र विषय पोरकट नसतात. एन-२च्या आसपासच्या विद्यापीठीय विद्यार्थ्याला यांच्याइतकं सोयीचं वाचन दुसरं क्वचितच मिळेल. दोन-तीन झाली की मोठ्यांची शिन्शो, आणि मग 'जे-स्टेज' किंवा 'सायनी' या संकेतस्थळांवरचे शोधनिबंध. शोधनिबंध पूर्ण वाचायची घाई नको. आधी सारांश, मग प्रस्तावना, मग निष्कर्ष.

'आओझोरा बुन्को'वर स्वामित्वहक्क संपलेलं साहित्य फुकट मिळतं म्हणून बरेच जण तिथून सुरुवात करतात. तिथलं बरंचसं साहित्य दुसऱ्या महायुद्धापूर्वीचं आहे, काही पाठ जुन्या शुद्धलेखनात आहेत. आजच्या जपानीचा कान तयार होण्याआधी ते वाचलं तर जुनाट शब्द तुमच्या निबंधात शिरतात. एन-१नंतर खुशाल वाचा.

वाचनाचे दोन प्रकार वेगवेगळ्या वेळी करा. एक 'सेइदोकु', म्हणजे बारकाईचं वाचन: आठवड्यातून तीनदा, फक्त ४०० अक्षरं, पण एकही सांधा सैल न सोडता. वाक्य लांब असेल तर आधी शेवटचं क्रियापद धरा, मग 'वा'ने दाखवलेला विषय शोधा, आणि नामाआधी येणारी विशेषणवाक्यं पेन्सिलने कंसात टाका. इथे मराठी कामाला येते. 'जे पुस्तक मी काल ग्रंथालयातून आणलं ते' अशी फोड करू नका, 'काल ग्रंथालयातून आणलेलं पुस्तक' अशी करा. जपानी शब्दक्रम अगदी हाच आहे. इंग्रजीतून शिकल्यामुळे ही सोय विसरली जाते आणि वाक्य उलटीकडून वाचायची सवय लागते. वेग मरतो तो तिथेच.

दुसरा 'तादोकु', भरपूर वाचन: रोज २० मिनिटं, शब्दकोश बंद. अडलं तर पुढे जायचं, फारच अडलं तर मजकूर बदलायचा.

शब्दकोश बदला, कार्डं नीट करा

जपानी-इंग्रजी कोशातून जपानी-जपानी कोशाकडे जाणं ही या टप्प्यावरची सर्वांत मोठी उडी आहे, आणि ती एका दिवसात मारायची नसते. आधी क्रियापदं आणि विशेषणं तेवढी जपानी कोशात पाहा. जवळच्या अर्थांतले फरक तिथेच कळतात. झाडं, मासे, रसायनं यांची नावं मात्र खुशाल दुभाषी कोशात पाहा. एखाद्या माशाची जपानी व्याख्या वाचून कुणाचं भलं झालेलं नाही. सुरुवातीला 'सान्सेइदोऽ कोकुगो जितेन' घ्या, त्यातल्या व्याख्या छोट्या आणि साध्या असतात. शब्द वापरायचा कसा, हे जाणून घ्यायला 'मेइक्योऽ' चांगला. व्याख्येतच अनोळखी शब्द आला तर तो एकदाच शोधा. तिथेही तिसरा अनोळखी शब्द भेटला तर थांबा आणि दुभाषी कोश उघडा.

'अंकी' या उजळणीच्या ॲपमधली कार्डं तयार यादीतून उचलण्यापेक्षा स्वतःच्या वाचनातून करा. एका कार्डावर एक वाक्य, आणि त्यात एकच अनोळखी शब्द. पुढच्या बाजूला फुरिगाना, म्हणजे कांजीवर लिहिलेला उच्चार, नाही. मागे उच्चार, सूर आणि जपानी व्याख्या. ब्राउझरमध्ये 'योमितान' बसवलं की शब्दावर बाण नेताच अर्थ दिसतो आणि कार्डही बनतं. ही सोय धोक्याची आहे, कारण दिवसाला ५० कार्डं सहज होतात. रोज १२ नवी कार्डं घेतली तरी काही आठवड्यांत उजळणी रोज शंभराच्या घरात जाते. ५० घेणाऱ्याचा ढीग एका सत्रात हाताबाहेर जातो आणि मग अंकीच बंद पडतं.

एखादं कार्ड आठ वेळा चुकलं की अंकी त्याला 'लीच' ठरवतं. ते तसंच चालू ठेवू नका. बहुधा ते दिसायला किंवा ऐकायला सारख्या दुसऱ्या शब्दात गुंतलेलं असतं. दोन्ही शब्द शेजारी ठेवून वेगळं वाक्य असलेलं नवं कार्ड करा. विद्यापीठाच्या परीक्षांच्या दिवसांत नवी कार्डं शून्यावर आणा, पण उजळणी सोडू नका.

कांजी: आता सुटी अक्षरं नकोत

जोऽयोऽ कांजींची, म्हणजे नेहमीच्या वापरासाठी सरकारने ठरवलेल्या कांजींची, संख्या २,१३६ आहे. पहिली हजारभर चित्रांच्या आणि गोष्टींच्या आधारे लक्षात राहतात; पुढच्या हजारासाठी ध्वनिदर्शक घटक पकडावे लागतात. उदाहरणार्थ, 'आओ' म्हणजे निळा या अक्षराचं चिनी वळणाचं वाचन 'सेइ'. त्याच्या डावीकडे पाण्याची खूण आली की स्वच्छ, सूर्याची आली की निरभ्र, वाणीची आली की विनंती, तांदळाची आली की सत्त्व किंवा सूक्ष्मता. आणि या चारही अक्षरांचं वाचन 'सेइ'. नवं कांजी दिसलं की आधी विचारा: यातला कुठला भाग मी ओळखतो, आणि त्याचं वाचन काय? दरवेळी उत्तर बरोबर येणार नाही, पण अंदाज बांधायची सवय लागली की वाचन अडत नाही.

याच्या जोडीला शब्दघटना शिका. प्रगत मजकुराचा भार 'कान्गो' म्हणजे चिनी मुळाच्या शब्दांवर असतो आणि रोजच्या बोलण्याचा 'वागो' म्हणजे मूळ जपानी शब्दांवर. मराठीत 'सुरू करणे' आणि 'प्रारंभ करणे' यांत जो फरक, तोच 'हाजिमेरु' आणि 'काइशि सुरु' यांत. आपल्या तत्सम शब्दांसारखेच कान्गोही प्रत्यय-उपसर्ग लावून वाढतात. '-का' म्हणजे -करण ('किन्दाइका', आधुनिकीकरण), '-सेइ' म्हणजे -ता ('कानोऽसेइ', शक्यता), आणि नकारासाठी 'हि-', 'फु-', 'मु-', 'मि-'. यांतला 'मि-' फक्त 'अजून झालेलं नाही' या अर्थाचा. 'मिकान्सेइ' म्हणजे अपूर्ण राहिलेलं.

व्याकरण: सारख्या दिसणाऱ्या रचना

एन-२, एन-१च्या रचना एकेकट्या अवघड नसतात. त्यांचे गट त्रास देतात. म्हणून गटानेच शिका आणि अर्थ मराठीत धरा, कारण पुष्कळ ठिकाणी मराठी इंग्रजीपेक्षा जवळ आहे. 'वाके गा नाइ': शक्यच नाही. 'वाके देवा नाइ': अगदी तसंच असं नाही. 'वाके निवा इकानाइ': करून चालणार नाही. 'वाके दा': म्हणजे, म्हणूनच तर. तसंच 'शिते ओकु' करून ठेवणं, 'शिते मिरु' करून बघणं, 'शिते शिमाउ' करून टाकणं किंवा होऊन बसणं. 'ओचिरु-ओतोसु' ही जोडी पडणं-पाडणं अशीच आहे.

मराठी नडते तिथेही सावध असा. 'माझ्यासाठी हे अवघड आहे' याचं 'वाताशि नो तामे नि' होत नाही, 'वाताशि नि तोत्ते' होतं. आपला 'साठी' दोन्ही अर्थ पेलतो, जपानीत ते वेगळे आहेत. 'प्रश्न विचारणं' म्हणून 'शित्सुमोन ओ किकु' म्हटलं तर त्याचा अर्थ प्रश्न ऐकून घेणं असा होतो. हवं ते 'शित्सुमोन सुरु'. आणि 'आमे नि फुरारेता', म्हणजे पावसाने गाठल्यामुळे आपली पंचाईत झाली, अशा प्रकारच्या कर्मणीला मराठीत जोड नाही. ती नियमाने नव्हे, वीसेक उदाहरणं ऐकून अंगवळणी पडते.

कान आणि उच्चार

बोलताना आपण ह्रस्व-दीर्घात फारसा फरक करत नाही, आणि देवनागरीत लांब 'ए', 'ओ' लिहायची सोयच नाही. वहीत देवनागरीत टिपलेला शब्द म्हणूनच चुकीच्या लांबीने पाठ होतो. 'ओबासान' म्हणजे काकू-मावशी, 'ओबाऽसान' म्हणजे आजी. 'शुजिन' नवरा, 'शूजिन' तुरुंगातला कैदी. शब्द 'काना' या जपानी लिपीत लिहा आणि बोलताना प्रत्येक मात्रेला बोटाने टिचकी द्या. सुरांचंही तसंच: 'हाशि'त पहिला भाग उंच तर खायच्या काड्या, दुसरा उंच तर पूल. तोक्यो विद्यापीठात तयार झालेल्या 'ओजाद' या ऑनलाइन कोशात क्रियापदांच्या सगळ्या रूपांचे सूर रेखाटलेले दिसतात. प्रत्येक शब्दाचा सूर पाठ करत बसू नका. जे शब्द तुम्ही रोज बोलता तेवढे शंभर-दीडशे तपासा.

शॅडोइंग, म्हणजे ऐकता ऐकता पाठोपाठ तेच बोलणं, बहुतेक जण घाईने करतात आणि मग उपयोग नाही म्हणतात. लिखित प्रत उपलब्ध असलेला एक ते दीड मिनिटाचा ध्वनी निवडा आणि तो पाच दिवस वापरा, रोज १५ मिनिटं:

१. पहिल्या दिवशी प्रत न पाहता तीनदा ऐका, मग प्रत घेऊन निसटलेल्या जागा खुणा करून ठेवा. त्या बहुधा आकुंचित रूपांच्या असतात: 'ते शिमाउ'चं 'चाउ', 'ते ओकु'चं 'तोकु', 'नाकेरेबा'चं 'नाक्या', 'वाकारानाइ'चं 'वाकान्नाइ'.
२. दुसऱ्या दिवशी प्रत पाहत, ध्वनीच्या बरोबरीने वाचा.
३. तिसऱ्या-चौथ्या दिवशी प्रत झाकून, अर्धा सेकंद मागे राहून बोला. तोंड अडखळलं तर तेवढंच वाक्य दहा वेळा. सगळं पहिल्यापासून नको.
४. पाचव्या दिवशी स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करा आणि मूळ ध्वनीशी वाक्यागणिक ताडून पाहा.

अर्थ न कळलेल्या मजकुरावर शॅडोइंग केलं तर फक्त पोपटपंची होते. आणि वेग कमी करून ऐकायची सवय लावू नका; ०.७५ हा वेग फक्त निसटलेली जागा शोधायला.

लेखन

दर आठवड्याला ४०० अक्षरं, म्हणजे जपानी चौकटींच्या कागदाचं एक पान. विषय वाचनाचाच. शिक्षकांनी तपासून दिलं की लाल खुणा बघून वही मिटू नका. चुका तीन रकान्यांत उतरवा: मी काय लिहिलं, काय हवं होतं, का. आठवड्याने तोच निबंध मूळ न बघता पुन्हा लिहा. दोन महिन्यांत दिसेल की चुका पंधरा-वीसच आहेत, त्याच फिरून येतात.

अहवालासाठी 'दे आरु' ही औपचारिक लेखी शैली लागते, बोलण्यातली नम्र 'देसु-मासु' नव्हे. 'देसु-मासु' आणि 'दे आरु' एकाच निबंधात मिसळणं ही सर्वांत जास्त आढळणारी चूक. शिवाय 'तोतेमो'ऐवजी 'हिजोऽनि', 'दाकारा'ऐवजी 'शितागात्ते', 'देमो'ऐवजी 'शिकाशि', 'इरोइरोना'ऐवजी 'सामाझामाना'. वाक्य जोडताना 'काइते' नव्हे 'काकि', 'शितेइते' नव्हे 'शितेओरि'. 'तो ओमोउ' दर परिच्छेदात आला तर लेख शाळकरी वाटतो. पुरावा देऊन 'तो कान्गाएरारेरु' म्हणा.

शब्दांच्या जोड्या अंदाजाने लिहू नका. 'परिणाम करणं' मनात असतं म्हणून 'एइक्योऽ ओ सुरु' लिहिलं जातं. जपानी माणूस 'एइक्योऽ ओ आताएरु' किंवा 'ओयोबोसु' लिहितो. हे तपासायला जपानच्या राष्ट्रीय भाषा संशोधन संस्थेचा, सुमारे दहा कोटी शब्दांचा समतोल लिखित संग्रह आहे. 'शोऽनागोन' या पानावर त्यात शब्द शोधता येतो, आणि 'एनएलबी' या शोधसाधनात नाम टाकलं की त्याच्याबरोबर कुठली क्रियापदं किती वेळा येतात ते दिसतं. एआयकडून निबंध सुधारून घेतलात तरी सुचवलेली जोडी इथे एकदा पडताळा.

केइगो

केइगोची, म्हणजे आदरार्थी भाषेची, रूपं पाठ होतात, चूक होते ती दिशेची. बाहेरच्या माणसाचा फोन आला तर मराठीत आपण 'साहेब बाहेर गेलेत' असं आदरार्थीच बोलतो. जपानीत आपल्या गटातल्या माणसाबद्दल बाहेरच्याशी बोलताना तो कितीही मोठा असला तरी नम्र रूप येतं आणि नावापुढचं 'सान' गळतं: 'तानाका वा सेकि ओ हाझुशिते ओरिमासु' (तानाका जागेवर नाहीत). दुसरी चूक दुहेरी आदराची. 'ओस्शारु' (म्हणणं) हे मुळातच आदरार्थी असल्यामुळे 'ओस्शारारेरु' जास्तीचं होतं. 'सासेते इतादाकु' (करू दिल्याबद्दल आभार मानत करणं) समोरच्याची परवानगी किंवा त्याचा उपकार गृहीत असेल तिथेच. सराव मेलवर करा: विषयाच्या ओळीत अभ्यासक्रमाचं नाव आणि तुमचं नाव, सुरुवातीला प्राध्यापकांचं आडनाव व 'सेन्सेइ', मग स्वतःची ओळख, मग काम. अशा पाच प्रसंगांचे मेल लिहून तपासून घेतले की पुढे तेच साचे पुरतात.

परीक्षा आणि जपानमधलं वर्ष

जेएलपीटी जुलै आणि डिसेंबरमध्ये होते. एन-२ला १८०पैकी ९० आणि एन-१ला १०० गुण लागतात, शिवाय तिन्ही विभागांत प्रत्येकी किमान १९. एकूण १२० मिळवूनही श्रवणात १८ आले तर नापास. एन-१च्या पहिल्या भागाला ११० मिनिटं मिळतात. शब्द आणि व्याकरण ४० मिनिटांत उरकलं नाही तर शेवटचे लांब उतारे कोरे राहतात. सरावपरीक्षा शेवटच्या आठ आठवड्यांतच आणि घड्याळ लावूनच सोडवा. या परीक्षेत बोलणं-लिहिणं नसतं, म्हणून एन-१ हातात असूनही मुलाखतीत तोंड न उघडणारे भेटतात. नोकरीचा विचार असेल तर ८०० गुणांची बीजेटी ही व्यावसायिक जपानीची परीक्षाही पाहा.

परदेशी विद्यापीठांत जपानी भाषा किंवा संस्कृती शिकणाऱ्या पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी जपान सरकारची 'निक्केन्सेइ' शिष्यवृत्ती आहे. मुदत साधारण वर्षाची. त्या काळात आपल्या विद्यापीठातला प्रवेश चालू असावा लागतो, तेव्हा ती शेवटच्या वर्षावर ढकलू नका. एन-२ची तयारी नसताना गेलात तर वर्ष परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या भाषावर्गांत जातं. तयारी असेल तर जपानी विद्यार्थ्यांबरोबरचे एक-दोन नियमित विषय घ्या. तासिका ९० किंवा १०० मिनिटांची असते, आणि श्रवणाचा सराव नसेल तर अर्ध्या तासानंतर कान थकतो. अभ्यासक्रमाचा आराखडा विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आधीच मिळतो. विषय ठरला की त्यावरचं एक शिन्शो जाण्यापूर्वी वाचून काढा, आणि त्यातले शंभर शब्द पहिल्या तासिकेआधी अंकीत असू द्या.